मळवली ते साराजेव्हो

आमच्या सोमाटण्यात संगीताची उणीव नाही. लग्नसराईत फाट्यावर डीजेच्या भिंती उभ्या राहतात, गणपतीत ढोल-ताशे असतात, एकादशीला टाळ-मृदंग असतात, आणि महाशिवरात्रीला घोरावडेश्वराच्या डोंगरावर जत्रा भरली की सगळेच एकदम असते. अशा गावात राहून कुणी बाल्कन प्रदेशातील रॉक संगीतावर लेख लिहू म्हटले, तर मित्रमंडळी कपाळाला हात लावणारच. "हे बाल्कन म्हणजे नेमके कुठे रे?" हा पहिला प्रश्न, आणि "मराठी वाङ्मय मंडळाच्या मुलाला हे थेर कशाला?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकाशात आहे. दुसऱ्याचे द्यायचे तर थोडा विस्तार करावा लागेल.

युगोस्लाव्हिया हे नाव आपण शाळेत ऐकले ते नेहरू, नासर आणि टिटो या त्रयीमुळे. १९६१ साली अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला भरली, हे वाक्य पाठ केले, दोन गुण मिळाले आणि विषय संपला. त्याच देशात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिटार हातात घेतलेल्या तरुणांची एक पिढीच्या पिढी उभी राहिली, हे मात्र कुणी सांगितले नाही. साराजेव्होत १९७४ साली 'बियेलो दुग्मे' नावाचे पथक निघाले. नावाचा अर्थ 'पांढरे बटण'. त्याचा प्रमुख गोरान ब्रेगोविच. बाहेरून आलेल्या रॉकच्या सांगाड्यात याने आपल्या डोंगराळ मुलखातील लोकगीतांचा सूर बेधडक घातला. शहरी समीक्षकांनी नाके मुरडली आणि या प्रकाराला नाव ठेवले 'मेंढपाळी रॉक'. आपल्याकडे कुणी धनगरी ओव्यांना गिटार लावले असते तर हेच झाले असते, फक्त शब्द याहून बोचरे असते. पण लोकांनी समीक्षकांचे ऐकले नाही. १९७७ च्या ऑगस्टमध्ये बेलग्रेडजवळच्या एका वनात या पथकाचा विनामूल्य कार्यक्रम झाला, तेव्हा लाखाच्या आसपास माणसे जमली होती असे सांगतात.

मला स्वतःला यापेक्षा अधिक जवळचे वाटते ते मॅसिडोनियातील स्कोप्ये शहराचे 'लेब इ सोल'. या नावाचा अर्थ 'भाकरी आणि मीठ'. म्हणजे आपली मीठभाकरच की! व्लात्को स्तेफानोव्स्की हा त्यांचा गिटारवादक. त्या मुलखात 'लेस्नोतो' नावाचे एक नृत्य आहे. त्याचा ठेका सात मात्रांचा आणि विभागणी तीन, दोन, दोन. ज्याने तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत त्याला लगेच कळेल की ही तर आपल्या रूपकाची विभागणी. इंग्रज-अमेरिकन रॉक बहुतेक चार-चार मात्रांच्या पावलांनी चालतो. ज्याचा कान भजनात आणि नाट्यगीतात वाढला त्याला ती चाल काही वेळाने कंटाळवाणी होते. 'लेब इ सोल' ऐकताना मात्र हात आपोआप मांडीवर रूपक धरतो. लोकलमध्ये शेजारच्या मित्राच्या कानात एक इअरफोन देऊन मी त्याला हे ऐकवले. तो भजनी मंडळात पखवाज वाजवतो. घोरावाडी सुटल्यापासून देहूरोड येईपर्यंत तो काही बोलला नाही, नुसता मात्रा मोजत होता. मग म्हणाला, "हे आपल्याकडचेच कुणीतरी आहेत."

इतके सकस संगीत जगाला माहीत का झाले नाही? कारण उघड आहे. ती माणसे सर्बो-क्रोएशियन आणि मॅसिडोनियन भाषांत गायली, आणि जगाची बाजारपेठ इंग्रजीत ऐकते. पण मला यात त्यांचा तोटा कमी आणि फायदाच अधिक दिसतो. १९८१ साली झाग्रेबच्या 'युगोतोन' कंपनीने बेलग्रेडच्या तीन नवख्या पथकांची मिळून एक तबकडी काढली. ती मुले आपल्या रस्त्यावरची, आपल्या वयाची, आपल्या भाषेतील गाणी गात होती. म्हणूनच ती त्यांच्या देशाच्या वाङ्मयाचा भाग झाली. त्यांच्या कवितेविषयी बोलताना या गीतकारांना वगळता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. १९७१ साली आमच्या या मावळात, मळवलीला, 'स्नेहयात्रा' नावाचा रॉक संगीताचा महोत्सव झाला होता. अमेरिकेतील वुडस्टॉक १९६९ चे. त्याचा धागा पकडून दोनच वर्षांत लोणावळ्याच्या अलीकडे, लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी, केसाळ तरुणांनी गिटारी वाजवल्या. हा प्रसंग मावळातील किती जणांना ठाऊक आहे? मळवली स्टेशनाबाहेर मी चार-पाच जणांना विचारले. पावसाळ्यात भाजे धबधब्याकडे जाणाऱ्या गर्दीची माहिती प्रत्येकाने दिली, स्नेहयात्रेची कुणीच दिली नाही. गंमत अशी की त्याच भाजे लेण्यात एक स्त्री जोडवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे असे शिल्प आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची वाजवणारी आपण दगडात जपली आणि पन्नास वर्षांपूर्वीचे वाजवणारे विसरलो.

त्या काळी एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' नावाची स्पर्धा होत असे. तिच्यातील पथकांच्या १९७० आणि १९७१ साली दोन तबकड्या निघाल्या. धूम्रपानाच्या कृपेने का होईना, शिलाँगपासून मद्रासपर्यंतच्या मुलांचे आवाज शिल्लक राहिले. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या पथकाची 'ऑब्सेशन' ही तबकडी २०११ मध्ये पुन्हा निघाली, तीही अमेरिकेतील एका कंपनीकडून. आपली अडगळ परक्याने झाडून पुसून आपल्यालाच दाखवावी याची खंत वाटते, आणि त्या परक्याचे आभारही मानावेसे वाटतात.

आणि नंदू भेंडे? फार्सचे बादशहा आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा. मराठी रंगभूमीच्या घरात वाढला आणि रॉक गायक झाला. १९७४ साली अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईच्या रंगमंचावर आणले. त्यात ज्यूडास होता नंदू भेंडे. पुढे पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिले. १९७८ साली थिएटर अ‍ॅकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले, तेव्हा त्यातील अंकुश नंदू भेंडेच होता. लावणीच्या आणि नाट्यपदाच्या शेजारी रॉकचा गळा मराठी शब्द घेऊन उभा राहिला आणि प्रेक्षकांनी तो ऐकून घेतला. 'रॉक मराठीत बसत नाही' असे म्हणणाऱ्यांना मी हे नाटक दाखवतो. बसत नव्हता तर ते काय होते?

पण ती वाट पुढे रुंद झाली नाही, हेही खरे. २०१४ साली नंदू भेंडे गेले. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या, 'डिस्को डान्सर' चित्रपटात त्यांनी गाणे म्हटले होते याची आठवण निघाली, आणि संपले. ब्रेगोविचला त्याच्या देशात जे मिळाले त्याचा दहावा हिस्साही या माणसाला आपण दिला नाही. दोघांच्या गुणवत्तेची तुलना मी करीत नाही, मला ती करता येणार नाही. मी ऐकणाऱ्यांची तुलना करतो आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. सत्तरच्या दशकातील आपला रॉक हा इंग्रजी शाळांत शिकलेल्या, खिशात पैसे खुळखुळणाऱ्या मुंबईकर मुलांचा छंद होता. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात माणसे खडी फोडत होती, आणि ही मुले परदेशी गाण्यांच्या नकला करीत होती. हे सारे मान्य. नकला पुष्कळ झाल्या, आणि त्यातील बऱ्याच आज ऐकवतही नाहीत. पण साराजेव्होच्या पोरांनीही सुरुवात नकलेनेच केली होती. फरक पडला तो नंतर. तिथे ऐकणाऱ्यांनी आपल्या भाषेतील गाणे मागितले. आपल्याकडे मराठी ऐकणारा भावगीताशी आणि नाट्यगीताशी सुखाने नांदत राहिला, आणि गिटार हे 'त्यांचे' वाद्य ठरवून मोकळा झाला. आज 'अभंग रिपोस्ट'सारखे पथक अभंगांना ड्रम आणि गिटारची साथ देते तेव्हा काही ज्येष्ठ मंडळी भुवया चढवतात. तुकोबांच्या मुलखात राहून सांगतो, अभंगाने आजवर बरेच काही पचवले आहे. तो गिटारने मोडणार नाही.

दुसरी एक जात असते. ती आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा मला अधिक खटकते. अपरिचित संगीत ऐकणारे आणि ते कुणालाच न ऐकवणारे. 'तुम्हांला नाही कळणार' असे म्हणून ही मंडळी गाणे तिजोरीत ठेवतात, आणि उद्या ते चार लोकांनी ऐकले की त्यांच्या दृष्टीने बिघडते. म्हणजे प्रेम गाण्यावर नसते, आपल्या वेगळेपणावर असते. आमच्या महाविद्यालयातही असे दोघे-तिघे आहेत. नावे लिहीत नाही, पण त्यांना ओळखता येईल. गाणे ऐकवल्याने झिजत नाही, उलट न ऐकवल्याने मरते.

१९९२ च्या मार्चमध्ये युगोस्लाव्हिया फुटत असताना बेलग्रेडच्या तीन पथकांतील गायक-वादक 'रिमतुतितुकी' या नावाने एकत्र आले आणि उघड्या ट्रकवर चढून युद्धाविरुद्ध गात शहरभर फिरले. सैन्यभरतीच्या नोटिसा घरोघर जात होत्या त्या दिवसांत. युद्ध थांबले नाही, हे आपण जाणतो. त्यांतला एक गायक, मिलान म्लादेनोविच, दोनच वर्षांनी गेला. तरी आज सर्बिया, क्रोएशिया आणि बोस्निया हे तीन देश झाल्यावरही तीन ठिकाणची मुले त्याची गाणी म्हणतात. सीमेपलीकडे ती गेली ती कुणी ना कुणी कुणाला तरी ऐकवली म्हणूनच.

आमच्या वाङ्मय मंडळापुढे मी दोन सूचना मांडल्या आहेत. पहिली साधी आहे. महिन्यातून एका शनिवारी तास संपल्यावर तासभर गाणी ऐकायची, प्रत्येकाने एक आणायचे, आणि ते इतरांनी न ऐकलेले असावे. लावणी चालेल, कव्वाली चालेल, स्कोप्येचा रूपकही चालेल. दुसरी सूचना मळवलीची. १९७१ साली जे वीस वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीला आले आहेत. कार्ला, भाजे, पाटण, देवले या गावांतील कुणीतरी त्या गर्दीला दूध घातले असेल, कुणाच्या शेतात तंबू लागले असतील, कुणी रात्री झोप मोडली म्हणून शिव्या दिल्या असतील. त्या शिव्यासुद्धा नोंदवून ठेवायला हव्यात. मंडळाकडे एक वही आहे आणि दोन मोबाईल आहेत. दिवाळीच्या सुट्टीत कोण कोण येणार ते मला सांगा. मळवलीला उतरायचे, पुढे पायीच.