वर्गणी आपली, वार्ता कोणाची?



ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन, कोठेही आपल्या माणसाच्या घरी जा. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिच्याच खाली मायदेशातील वृत्तवाहिनी थेट चालू असते. पूर्वी त्यासाठी छपरावर तबकडी बसवावी लागे. आज इंटरनेटवरून वर्गणी भरली की वाहिन्यांचा अख्खा गठ्ठा घरात येतो, अगदी हातातील फोनवरही. या तंत्राविषयी माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो आपल्या न विचारलेल्या प्रश्नाला : ही वर्गणी आपण कोणाला देतो, आणि कशासाठी?

'वर्गणी' हा शब्द आंबेडकरी चळवळीला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, तेव्हा त्या पत्राला आधार मिळाला. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. पदरी माणसे ठेवण्याइतका पैसा नव्हता. अखेर १९२९ साली आर्थिक अडचणीमुळेच ते बंद पडले. तरीही १९३० साली 'जनता' आले आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. या महामानवाने पुन्हा पुन्हा पत्र का काढले? ज्याच्या हाती पत्र नाही, त्याचे म्हणणे दुसऱ्याच्या मर्जीवर जगते, हे त्यांनी ओळखले होते म्हणून.

आज परिस्थिती बदलली, असे कोणी म्हणेल. आकडे तसे म्हणत नाहीत. तीस वर्षांच्या पत्रकारितेत आपल्याला एकही दलित पत्रकार भेटला नाही, असे बी. एन. उनियाल यांनी १९९६ साली 'पायोनियर'मध्ये लिहिले. त्यानंतर तेवीस वर्षांनी, २०१९ साली, ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी भारतीय वृत्तमाध्यमांची पाहणी केली. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय आढळले; अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. रोग्याची नाडी न पाहता औषध लिहून देणाऱ्या वैद्याला आपण भोंदू म्हणतो. मग ज्या दालनात आपला एकही माणूस बसत नाही, तेथून होणारे आपल्या समाजाचे निदान आपण निमूटपणे का स्वीकारतो?

त्याचा परिणाम आपण भोगला आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमत होता, ते हेच दिवस. तरीही मोठ्या माध्यमांना या हत्याकांडाची खरी जाग आली ती काही आठवड्यांनी, लोक रस्त्यावर उतरल्यावर. पुढे भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ साली याच्या उलट घडले. तेथे विलंब नव्हता, घाई होती. न्यायालयात सिद्ध न झालेली पत्रे वाहिन्यांवर झळकली. त्या वर्षीच्या आपल्या अल्पमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी पोलिसांच्या या वागण्यावर कठोर ताशेरे ओढले. आमच्या वेदनेला उशीर आणि आमच्यावरील आरोपाला घाई, हा यांचा न्याय! आणि त्याचे मोल आपण डॉलरमध्ये चुकते करतो.

"घरी म्हातारे आईवडील आहेत, त्यांना मराठी कानावर पडायला हवी," असे कोणी म्हणतात. हे खरे आहे आणि मी त्याचा मान राखतो. गावाकडे पूर आला, निवडणुकीचा निकाल लागला, तर जीव तिकडे ओढणारच. परंतु भारतातील रात्री नऊची चर्चा येथे हिवाळ्यात पहाटे साडेतीनला आणि उन्हाळ्यात साडेचारला असते. तिच्यासाठी झोप मोडावी, अन्यथा दिवसभर तोच कोलाहल पुन्हा पुन्हा ऐकावा, आणि मुलांनी मायदेश म्हणजे केवळ आरडाओरडा असे समजावे, यात मातृभाषेची सेवा कोणती?

ज्या भूमीत आपण राहतो तेथील मूळ रहिवाशांकडे पाहा. माओरी बांधवांनी आपल्या भाषेच्या प्रसारणासाठी लढा दिला. तो वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. अखेर मार्च २००४ मध्ये त्यांची स्वतःची दूरचित्रवाणी सुरू झाली. आज ती इंटरनेटवरूनही विनामूल्य दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये वायतांगी कराराच्या तत्त्वांविषयीच्या विधेयकाविरुद्ध सुमारे ४२ हजारांचा मोर्चा वेलिंग्टनच्या संसदेवर धडकला. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. आपल्यापैकी कितीजणांनी तो मोर्चा थेट पाहिला? येथे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या आणि वर्षभर राहिलेल्या प्रौढ माणसालाही संसदेसाठी मतदान करता येते. मत येथे द्यायचे आणि बातमी मात्र फक्त तिकडची ऐकायची, हे बाबासाहेबांनी सांगितलेल्या नागरिकत्वात बसत नाही. जुलै २०२४ मध्ये न्यूजहबसारखे मोठे वृत्तदालन येथे बंद पडले. आर्थिक आधार सुटला की बातमीदार नाहीसा होतो, हा 'बहिष्कृत भारत'चा धडा या देशालाही चुकला नाही.

म्हणून माझे तीन आग्रह आहेत. पहिला, वर्गणीचे नूतनीकरण आपोआप होऊ देऊ नका. वर्षातून एकदा कुटुंबाने एकत्र बसून, या वाहिनीने आपल्याविषयी काय दाखवले, याचा हिशेब मागावा. दुसरा, त्या रकमेचा निम्मा भाग आपल्या माध्यमांकडे वळवावा. मीना कोतवाल यांनी २०२१ साली सुरू केलेले 'द मूकनायक' आहे, नागपूरहून चालणाऱ्या बौद्ध वाहिन्या आहेत. त्या फुकट दिसतात म्हणून फुकट चालतात, असे समजू नका. तिसरा, सायंकाळी सहाची येथील बातमी मुलांसोबत पाहा आणि तिच्यावर घरात मराठीत चर्चा करा. भाषाही टिकेल आणि नागरिकही घडेल.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, ही घोषणा आपण प्रत्येक जयंतीला देतो. शिकण्याचा आरंभ आपण काय ऐकतो येथून होतो. आपल्या बापाच्या पत्राला एकेकाळी वर्गणीदार मिळाले नाहीत. त्याच्या लेकरांनी आज वर्गणी भरावी, पण ज्याने त्याची जाहिरातही नाकारली त्या परंपरेच्या वारसांना नव्हे!

जय भीम! नमो बुद्धाय!