शाळेची वेबसाइट नेमकी कोणाच्या नावावर आहे?



2024 च्या जून महिन्यातली गोष्ट. पोलादपूर तालुक्यातली आमची वाडीवरची छोटी शाळा उघडून आठवडा झाला होता. पहिलीत नाव घातलेल्या एका मुलाची आजी दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "बाई, पोरगा मुंबईवरनं विचारतोय, तुमच्या शाळंत पत्ते खेळाया शिकवतात काय?"

मला काही कळेना. मग उलगडा झाला. प्रवेशाच्या दिवशी नातवाचा फोटो काढून तिने मुंबईला पाठवला होता. नातवाच्या मागे शाळेची भिंत, आणि भिंतीवर ऑइलपेंटने ठसठशीत लिहिलेला शाळेच्या वेबसाइटचा पत्ता. बापाने हौसेने तो पत्ता फोनवर टाकला, तर समोर रमीची जाहिरात!

मी लगेच उघडून पाहिलं. जिथे आमच्या परसबागेचे फोटो, परिपाठाचे व्हिडिओ आणि स्वाध्याय होते, तिथे हिरव्या टेबलावर पत्त्यांचा पिसारा आणि 'आत्ता खेळा' असं बटण. आधी वाटलं, कोणीतरी हॅक केलं. तसं काही नव्हतं. ती वेबसाइट आमची राहिलीच नव्हती.

तुमच्यापैकी अनेकांना तो काळ आठवत असेल. 22 जून 2015 चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, त्यानंतर तंत्रस्नेही शिक्षकांची लाटच आली. जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांमधून ब्लॉग आणि वेबसाइट निघाल्या. आमच्या शाळेची 2016 ची. माझ्या आधी जे सर होते त्यांनी रात्र रात्र जागून केली होती. स्वतःच्या कार्डाने पैसे भरले, स्वतःच्या नावावर पत्ता घेतला, स्वतःचा ईमेल दिला. पहिल्या वर्षी अगदी स्वस्तात मिळाला, नंतर दरवर्षी त्याच्या कितीतरी पट. तेही त्यांनी कोणाला न सांगता खिशातून भरले. 2023 मध्ये त्यांची बदली झाली.

बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, हे शिक्षकांना सांगायला नको. चार्ज यादीत काय काय असतं! जडवस्तू नोंदवहीतलं एकेक कपाट, बाक, नकाशे, वजनकाटा, पृथ्वीचा गोल (आमचा एका ध्रुवाला चेपलेला आहे, तेसुद्धा शेऱ्यात लिहिलंय). खिचडीचं पातेलं, त्याचं झाकण वेगळं. मी सगळं मोजून घेतलं आणि सही केली. त्या यादीत वेबसाइट नव्हती. तिचा पासवर्ड नव्हता, ती कोणत्या ईमेलवर आहे हे नव्हतं, मुदत कधी संपते हेही नव्हतं. मीही विचारलं नाही. मुदत संपत असल्याच्या सूचना सरांच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या, आणि तो ईमेल त्यांनी केव्हाच उघडायचा सोडला होता. सरांना फोन केला तर त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

इथे एक गोष्ट समजून घेऊ, कारण मलाही ती तेव्हाच समजली. आपण म्हणतो, 'डोमेन विकत घेतलं'. वेबसाइटचा पत्ता कधीच विकत मिळत नाही. तो वर्षाच्या किंवा काही वर्षांच्या भाड्याने मिळतो. डॉट कॉमसारख्या पत्त्याची मुदत संपली की नोंदणी करणारी कंपनी सहसा काही दिवस सवलत देते. त्यानंतर 30 दिवस जादा पैसे भरून पत्ता सोडवता येतो. पुढचे 5 दिवस तो कोणालाच मिळत नाही आणि मग जो पहिला मागेल त्याचा. अशा सुटणाऱ्या पत्त्यांवर डोळा ठेवून बसलेले लोक असतात. आठ वर्षांत इतर शिक्षकांनी आपापल्या ब्लॉगवर आमच्या पानांच्या लिंक दिलेल्या होत्या. ज्या पत्त्याकडे इतक्या जागांहून लिंक येतात तो गुगलच्या शोधात वर दिसायला मदत होते, म्हणून जुगारवाल्याला नव्या पत्त्यापेक्षा शाळेचा जुना पत्ता जास्त कामाचा. आम्ही कमावलेली पत त्याला आयती मिळाली. तक्रार तरी कोणाची करणार? नियमाप्रमाणे त्याने काही चोरलं नव्हतं.

आपण खेड्यातले म्हणून आपल्याकडून असं झालं, असं मात्र समजू नका. 1999 च्या डिसेंबरात खुद्द मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या पत्त्याचे पैसे भरायला विसरली होती. हॉटमेल त्यावर चालायचं, त्यामुळे लोकांना ईमेल उघडता येईनात. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरने ऐन नाताळात स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरले आणि काम सुरू झालं. ते सज्जन निघाले. आमच्या वाट्याला रमीवाला आला.

वेबसाइट गेली त्याचं दुःख झालं, पण ते पचलं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आमची काही जुनी पानं सापडली, तेवढी उतरवून घेतली. त्याआधी काही महिन्यांपूर्वी माझ्याच हातून जे होता होता राहिलं, ते जास्त गंभीर होतं.

2021 मध्ये मी महाडजवळच्या एका शाळेत होते. 22 जुलैचा पूर महाड-पोलादपूरच्या कोणालाही सांगावा लागत नाही. सावित्री-गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत दुकानांच्या माळ्यांपर्यंत गेलं. त्याच दिवशी तळियेवर दरड आली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर आली. वीज नाही, रस्ते बंद, फोन बंद. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे कागदपत्रांचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल आणि ते खरंच आहे. पण पाणी ओसरल्यावर जे वाचले त्यांना प्रत्येक टेबलापुढे कागदच दाखवावा लागला. रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, मुलांचे दाखले, सगळ्याचा चिखलाचा गोळा झालेला.

आमच्या शाळेत कपाटातलं जनरल रजिस्टर भिजलं. जुनी शाई पसरली होती. पानं एकमेकांना चिकटली होती. वीज आल्यावर आम्ही दोघी बायांनी आठ दिवस एकेक पान सोडवून पंख्याखाली वाळवलं आणि वाचता येईल तेवढ्याचा मोबाईलवर फोटो काढला. रजिस्टरच्या मागच्या पानांचं पुढे काही खरं राहिलं नाही, बुरशी आली. फोटो मात्र माझ्या गुगल खात्यात होते. मला वाटलं, झालं, आता पुराचं भय नाही.

2024 च्या सुरुवातीला त्या शाळेत शिकलेल्या एका माणसाला जन्मतारखेचा पुरावा हवा होता. नोकरीचा प्रश्न होता. तिथल्या बाईंनी मला फोन केला. मी ते खाते उघडायला गेले, तर पासवर्ड आठवेना. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, तर ओटीपी माझ्या जुन्या नंबरवर गेला. तो नंबर मी दोन सिमचा खर्च नको म्हणून 2022 मध्ये सोडून दिला होता. त्यावर फोन लावला, तर पलीकडे एक अनोळखी बाई हिंदीत बोलली. माझ्या ओटीपीचा मेसेज आता तिच्या हातात होता! प्रीपेड सिम 90 दिवस अजिबात वापरलं नाही आणि त्यात शिल्लकही नसली तर बंद होतं, आणि बंद झाल्यावर किमान 90 दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याला देता येतो. यात चोरी नाही, फसवणूक नाही. पण ज्या नंबराला आपण बँक, गॅस, मुलाची शिष्यवृत्ती आणि ईमेल बांधून ठेवतो, तो नंबरसुद्धा आपला नसतो.

भावाच्या घरी माझा एक जुना टॅब पडून होता. चार्जिंगला लावला, त्यात ते खातं उघडंच राहिलं होतं, म्हणून त्या माणसाचं पान सापडलं. गुगलने 2023 मध्ये जाहीर केलेल्या नियमाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं, त्यातल्या फोटोंसकट, काढून टाकलं जाऊ शकतं. आणखी काही काळ मी तिकडे फिरकले नसते, तर पुरातून वाचवलेली पानं कोरड्यातच बुडाली असती.

आता पालकांसाठी थोडं, कारण घरातही हेच चालतं. आमच्या एका आईने मुलासाठी अभ्यासाचं अॅप 'एक रुपयात सात दिवस' म्हणून घेतलं. आठव्या दिवसापासून दर महिन्याला 299 कापले जाऊ लागले. तीन महिन्यांनी लक्षात आलं. पैसे कापण्याच्या 24 तास आधी कळवलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तसा मेसेज आलाही होता, पण इंग्रजीत, रिचार्जच्या वीस मेसेजच्या गर्दीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सहज घुसता येतं पण बाहेर पडायचं दार सापडत नाही, असं सदस्यत्व त्यातलंच एक. तुमच्या यूपीआय अॅपमध्ये 'ऑटोपे' नावाची जागा शोधा. कोणाकोणाला पैसे कापायची परवानगी दिली आहे ते तिथे दिसतं आणि तिथूनच रद्दही करता येतं. तक्रारीला 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता 1930.

हे सगळं झाल्यावर मी चौथीच्या वर्गात एक तास घेतला. फळ्यावर लिहिलं, 'कोणाच्या नावावर?' मुलांना सांगितलं, घरी जाऊन विचारून या. वीजबिल, घरपट्टी, गॅसचं पुस्तक, मोबाईलचं सिम, टीव्हीचा रिचार्ज. मुदत कधी संपते आणि हरवलं तर दुसरी प्रत कुठे आहे, तेही विचारा.

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गलका. "बाई, आमचा लायटीचा बिल पणज्याच्या नावावं येतो, तो मेला कवाच!" सातबारावर बावीस नावं, त्यातली अठरा मुंबईला. एका मुलीच्या आईचं सिम मुंबईच्या काकाच्या नावावर, आणि काकाशी दोन वर्षं बोलणं नाही. दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी तर संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहिलं, त्यात एक नंबर ते ओळखतच नव्हते. तिथेच तशी नोंद करता येते, ती त्यांनी केली. त्या मुलाने हे वर्गात ज्या ऐटीत सांगितलं ते पाहायला हवं होतं.

एक सहकारी म्हणाले, एवढ्याशा मुलांना हे कशाला? मला हे पटत नाही. ज्या मुलाला आपण माउस, कीबोर्ड, मॉनिटर यांची चित्रं काढायला लावतो, तोच मुलगा घरी आजीला ओटीपी वाचून दाखवतो. आजीला वाचता येत नाही, म्हणून घराचा कारभार त्याच्याच बोटांवर चालतो. त्याला मॉनिटरचे भाग आले नाहीत तर काही बिघडत नाही. हे सिम कोणाचं आणि पैसे कोण कापतंय हे विचारायची सवय लागली नाही, तर बिघडतं. आणि आपण शिक्षक जे तंत्रस्नेही म्हणून मिरवलो, त्या आपल्यालाही ही सवय नाही. व्हिडिओ बनवायला शिकलो, किल्ली पुढच्याला द्यायला शिकलो नाही.

आता आमच्या शाळेचा साधा फुकटचा ब्लॉग आहे. तो शाळेच्या नावाने काढलेल्या ईमेलवर आहे आणि मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य असे दोघांचे नंबर त्याला जोडलेत. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपचं बटण आहे, दर सत्राअखेर ते दाबून सगळ्या पोस्टची फाईल पेनड्राइव्हवर घेतो. त्या फाईलमध्ये फोटो येत नाहीत, म्हणून फोटो वेगळे ठेवावे लागतात. हे मला एकदा फसल्यावरच कळलं. पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीच्या कप्प्यात.

हे सगळं चार्ज यादीत घ्यायचं ठरवलं तेव्हा मुख्याध्यापक हसले. "बाई, जडवस्तू नोंदवहीत वेबसाइट कशी लिहू? ती जड कुठंय?" तरी शेवटच्या पानावर एक रकाना आखून लिहिली. पातेल्याच्या झाकणाखाली आता ईमेल, ब्लॉग आणि पाकीट अशा तीन ओळी आहेत.

भिंतीवरच्या जुन्या पत्त्यावर आम्ही पिवळ्या रंगाचे दोन हात मारले. नवा पत्ता अजून लिहिलेला नाही. पावसात भिंत ओली झाली की खालची अक्षरं पुसट दिसतात, म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत खरवडून काढायची आहेत.