हारतुरे आवरा, कवीला बोलू द्या



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण शिवारातलाच आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील काही गावांतून महिन्यातून एकदा कवितावाचनाची बैठक भरू लागली आहे. कुठे वाचनालयात, कुठे देवळाच्या मंडपात, तर एका गावी आमच्या गट ऑफिसच्या ओट्यावर. गावातले लिहिणारे येतात, आपलं आपलं वाचतात, बाकीचे ऐकतात. यावर काही सभासदांचे म्हणणे असे की, शेतकी खात्याने उसाच्या नोंदी कराव्यात, टोळ्या वेळेवर द्याव्यात; कवितेसाठी सतरंज्या पुरवीत बसू नये. म्हणणे रोखठोक आहे, म्हणून उत्तरही रोखठोक देतो. टोळीला उशीर झाला तर आम्हाला जरूर जाब विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याचा दोष सतरंजीवर घालू नका.

लिहिणं हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम, आपलं काम पाणी पाजायचं, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो कुठून आला कळत नाही. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. दोन्ही गावे वाळवा तालुक्यातली. एकाने कुलकर्णीपण सोडून फडावर लावण्या रचल्या. दुसऱ्याने शाळेचे तोंड नावापुरते पाहिले आणि १९५९ साली ‘फकिरा’ लिहून दाखविली. पलीकडे पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर. तिथे कवी सुधांशू व त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेले सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन मकर संक्रांतीला भरते. संक्रांत म्हणजे गळिताची ऐन धामधूम, रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग. तरी माणसं जातात. ज्याला कवितेची गोडी आहे त्याला सवड सापडते, हे आपल्याच भागात सिद्ध झालेले आहे.

जरा लांबची, खानदेशातली गोष्ट सांगतो, कारण ती इथे लागू पडते. बहिणाबाई चौधरी शेतात राबणाऱ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्या माणसांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, मुलगा सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि बहिणाबाई १९५१ साली गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघाले. घरात टिपणारं माणूस नसतं तर? आपल्या गावात अशा किती जणी होऊन गेल्या, त्याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या कुणाच्या तरी आई-आजीच्या तोंडातल्या. आता जाती कोपऱ्यात पडली, पण ज्यांना ओव्या येतात अशा म्हाताऱ्या आपल्या वस्त्यांवर अजून आहेत. बैठकीला त्यांना घेऊन या. त्या ‘मला काय येतंय’ म्हणतील. दोनदा म्हणू द्यावं, तिसऱ्यांदा म्हणणार नाहीत.

एवढे चांगले बोलून झाल्यावर आता जे खुपते ते.

आपल्याकडे कुठल्याही चांगल्या गोष्टीला दोन-तीन महिन्यांत व्यासपीठ फुटते. सुरुवातीला दहा माणसं गोल करून बसतात. मग कुणीतरी म्हणतो, साहेबांना बोलवू. साहेब म्हणजे मग स्टेज आले, फलक आला, शाल-श्रीफळ आले. सातची वेळ, साडेआठला दीपप्रज्वलन. प्रास्ताविक, स्वागत, सत्कार, सत्काराला उत्तर. ज्यांचे नाव घ्यायचे राहिले त्यांची माफी, आणि माफी मागताना पुन्हा चार नावे. पावणेदहाला सूत्रसंचालक घड्याळ बघून सांगतो, कवींनी कृपया दोन मिनिटांत आटपावे. पोरगी बिचारी वही उघडून तीन तास मागे बसलेली. शेवटची एस.टी. गेली, बाप मोटारसायकल घेऊन बाहेर उभा. ती दोन कडवी कशीबशी वाचते आणि पुढच्या महिन्यात येत नाही. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. कारखान्याच्या पदाधिकाऱ्यांनी, आणि आम्हा अधिकाऱ्यांनीसुद्धा, बैठकीला यावे ते खाली सतरंजीवर बसण्यासाठी. बोलण्यासाठी आपल्याला वार्षिक सभा आहे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे, पण बोललीच पाहिजे. मागच्या एका बैठकीत एका सभासदाने कविता वाचली. तुरा आलेला ऊस बांधावरच्या मालकाशी बोलतो आहे, अशी कल्पना. माझं वजन रोज घटतंय, तू चिटबॉयच्या मागं किती हिंडणार, असे ऊस विचारतो. पुढे टोळीची खुशाली, ड्रायव्हरची एंट्री, काट्यावरची शंका, सगळे आले. शेवटी बिलाची वाट पाहता पाहता चौदा दिवसांचे महिने झाले असे काहीतरी होते. (ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, हे सभासदांना आम्ही सांगायला नको.) लोक हसले. आमच्याकडे बघून हसले. आम्ही पुढेच बसलो होतो.

त्यानंतर सूचना आली की, कविता आधी मागवून घ्याव्यात, दोघातिघांनी पाहाव्यात आणि मग वाचायला परवानगी द्यावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, बैठकीचे राजकारण होऊ नये एवढाच आहे. तरी आमचा तिला विरोध आहे. असा चाळण लावण्याचा कारभार सुरू झाला की फक्त आई, पाऊस आणि चेअरमनसाहेब एवढ्याच विषयांवर कविता उरतील. आई आणि पावसावर हरकत नाही. पण सभासदाला खुशालीचा त्रास होतो हे त्याने पारावर कुजबुजत सांगण्यापेक्षा आमच्यासमोर उभे राहून, यमक जुळवून सांगितले तर त्यात कारखान्याचे काय गेले? तक्रार अर्ज आमच्याकडे ढिगाने येतात. सगळे एका भाषेतले, एका नमुन्याचे, ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’. ही कविता ऐकल्यावर त्या गटातल्या तुरा आलेल्या प्लॉटांची यादी आम्ही दुसऱ्या दिवशी काढून पाहिली. अर्जांनी एवढी घाई आम्हाला क्वचितच लावली आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. शिव्या दिल्या म्हणून कविता होत नाही. कुणाचे नाव घेऊन त्याच्या घरादारावर जाणे म्हणजे बांधाची भांडणं बैठकीत आणणे. तिथे यजमानाने हात वर करून थांबवावे आणि पुढच्याचे नाव पुकारावे. तेवढी समज आपल्या गावांत आहे.

आणि एक राहिले. बीड, जालना, अहिल्यानगर या बाजूची तोडकरी मंडळी हंगामात पाच-सहा महिने आपल्या शिवारात खोपी घालून राहतात. बैठकीचे ठिकाण ते खोपी, अंतर कित्येकदा हाकेचे. त्यांच्यातली बाई वाढ्यांची मोळी बांधताना गाणं म्हणते ते आपण बांधावरून ऐकतो, पण तिला बैठकीला या असे कुणी म्हणत नाही. ‘ते आपल्यातले नव्हेत’ असे एका सुशिक्षित सभासदाने आम्हाला ऐकवले. ऊस ज्यांच्या कोयत्याने गव्हाणीत पोचतो, ते आपल्यातले नव्हेत तर मग कोण आपल्यातले? अडचण आहे ती वेळेची. पहाटे चारला उठणारी माणसं रात्री नऊपर्यंत बसणार नाहीत. तेव्हा हंगामात निदान एक बैठक त्यांच्या तळावर, दिवेलागणीला, तासाभरात आटपेल अशी घ्यावी. चहाची किटली आपण न्यावी.

पैशाचे म्हणाल तर कारखान्याच्या खर्चातून सतरंजी आणि चहा यापलीकडे काही मागू नये, असेच आम्ही सांगू. पैसा आला की हिशेब आला, हिशेब आला की कमिटी आली. मात्र प्रत्येक गावाने एक जाड वही घ्यावी. ज्याने जे वाचले ते त्यात उतरून, खाली नाव, गाव, तारीख घालून वही वाचनालयाच्या कपाटात ठेवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शाळेतल्या पोरांनी लिहून घ्यावे.

ज्यांना पुढच्या बैठकीत वाचायचे असेल त्यांनी आपले नाव गटाच्या चिटबॉयकडे द्यावे. तो फक्त नाव लिहून घेईल. वही बघायला मागणार नाही, तसे त्याला सांगून ठेवले आहे.