अजिंठा पाहावा, पण हिशेब मांडून



कपाशीची उलंगवाडी झाली, ज्वारीचे खळे उठले की आपल्याकडची माणसे शेगावला जातात, पोहरादेवीला जातात, पंढरपूर करतात. लेणी पाहणे हे मात्र नोकरदारांचे, शाळेच्या सहलींचे आणि परदेशी पाहुण्यांचे काम, असे आपण धरून चालतो. आम्ही काही कार्यकर्ते ठरवून अजिंठ्याला गेलो. मेहकर, चिखली, बुलढाणा करीत पोचलो, तिकिटे काढली, रांगेत उभे राहिलो. तेथून एकच गोष्ट मनात घेऊन परतलो. अजिंठ्यात आपण पाहुणे नाही.

आजचे वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या पुष्कळशा लेण्यांचे काम पाचव्या शतकात याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात झाले. १६ क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. तेथे शिलालेख आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे, मंत्र्याची थोरवी आहे. नांगर धरणाऱ्याचे नाव नाही. १९८३ पासून ही लेणी जागतिक वारसा म्हणून गणली जातात. त्या वारशाचा सातबारा मात्र आपल्या गावचा आहे.

लेण्यांचा दगड पाहा. तो बेसाल्ट, आपल्या विहिरीला लागतो तोच काळा पाषाण. हजारो वर्षे त्याची झीज होऊन आपली काळी कसदार जमीन तयार झाली. एकाच खडकाच्या दोन गती झाल्या. एकीकडे त्याची लेणी झाली, दुसरीकडे त्यात कपाशी आणि ज्वारी उभी राहिली. आणि लेणी कोरणाऱ्याच्या पोटात भाकरी जावी लागते, ती या दुसऱ्या खडकातून येते.

भिंतींवरच्या चित्रांत राजवाडे आहेत, हत्ती आहेत, दागिन्यांनी मढलेल्या राण्या आहेत. त्याच चित्रांत कापसातून सरकी वेगळी करणारे एका लाटेचे हातयंत्रही अभ्यासकांनी ओळखले आहे. अशा यंत्राचा हा सर्वांत जुना पुरावा मानतात. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी चित्रकाराला कापूस दिसला होता. इतिहासाच्या पुस्तकाला तो अजून नीटसा दिसत नाही.

कोणी म्हणेल, लेण्यांना दान भिक्षूंनी दिले, धनिकांनी दिले. खरे आहे. पण त्या काळी राजाची तिजोरी मुख्यतः शेतीवर भरत होती. याचा पुरावा आपल्याच गावी निघाला आहे. १९३९ साली वाशीमला राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. तो हरिषेणाच्या आधीचा, चौथ्या शतकातला. राजाने एक गाव ब्राह्मणांना दान दिले आणि त्या गावाला कशाकशातून सूट आहे ते लिहून दिले. या गावाने सोने आणि धान्य देऊ नये. फुले-दूध देऊ नये. गाई-बैल देऊ नयेत. कातडी-कोळसा देऊ नये. शिपायांनी गावात शिरू नये.

भावांनो, ही यादी उलटी वाचा. ज्या गावांना सूट नव्हती, त्यांच्याकडून काय काय नेले जात होते ते त्यात कळते. आणि सूट मिळाली तीही राबणाऱ्याला नव्हे, दान घेणाऱ्याला.

हे जुने झाले म्हणाल, तर कालचे पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आपला कापूस घरात येण्याचा काळ. आयात स्वस्त झाली की इथला भाव दबतो, हे कळायला कृषी पदवी लागत नाही. ताम्रपट जाऊन अधिसूचना आली. सूट याही वेळी दुसऱ्यालाच मिळाली.

मग अजिंठा कोरायलाच नको होता काय? असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर आमच्यातला वखर धरणारा माणूसही गप्प उभा राहिला. ते सौंदर्य आपलेही आहे. पण शेतातून निघालेली बचत गावाला न विचारता नेली, तर लेणी चकाकतात आणि गाव अंधारात राहते. हरिषेणानंतर थोड्याच काळात ते राज्य कोसळले. २४ क्रमांकाचे लेणे आजही अर्धवट आहे. खालून येणारे थांबले की वरची छिन्नी थांबते. आजच्या राजधान्यांनी ते अर्धे लेणे जरूर पाहावे.

तेव्हा पुढच्या उलंगवाडीनंतर दशम्या बांधून बायका-पोरांसह अजिंठ्याला जा. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे लक्षात ठेवा. हात जोडायचे असतील तर जोडा, पण मान खाली घालू नका. पोरांना सांगा, हे आपल्या धान्याचे झाले आहे. आणि परत आल्यावर बैठकीत येऊन बसा. पुढचा हिशेब तेथे मांडायचा आहे.