आधी मॅकेट दाखवा

कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत अमूर्त शिल्पाशेजारी बहुतेक वेळा एक कागद लावलेला असतो. ‘मनातलं द्वंद्व’, ‘निसर्ग आणि माणूस’, ‘स्त्रीचा प्रवास’ अशा मथळ्याखाली पाच-सहा ओळी. विद्यार्थ्याकडे संकल्पना मागितलेली असते, म्हणून तो ती लिहितो. या कागदाची एक सोपी परीक्षा घेता येते. शेजारच्या दोन शिल्पांचे कागद मनातल्या मनात अदलाबदल करून पाहावेत. पुष्कळदा काहीच बिघडत नाही. लोखंडी पट्टीच्या वळशाला द्वंद्व म्हणता येतं, तसा प्रवासही म्हणता येतो. जो मजकूर कोणत्याही आकाराखाली खपतो, तो त्या आकाराबद्दल काहीही सांगत नसतो. म्हणून माझं म्हणणं असं की, अमूर्त शिल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला आधी त्याचे निर्णय विचारावेत. हा भाग एवढाच जाड का, वळण इथेच का घेतलं, पोकळी किती ठेवली, काय कापून टाकलं आणि का. अर्थाची चौकशी नंतर करता येईल. अमूर्त शिल्पातला विचार या निर्णयांतच वस्तीला असतो, त्याला राहायला दुसरी जागा नाही.

निर्णय म्हणजे नुसती कारागिरी, असं कुणाला वाटेल. एक उदाहरण जवळून पाहू. वीतभर मॅकेटमध्ये, म्हणजे शिल्पाच्या छोट्या नमुन्यात, एक लांब हात बाजूला झेपावला आहे आणि तोल झकास साधला आहे. आता तेच शिल्प, त्याच मालात, पुरुषभर उंचीचं करायचं. उंची सुमारे आठपट झाली की त्या हाताला पेलणाऱ्या सांध्याचं क्षेत्रफळ ६४ पट होतं, वजन मात्र ५१२ पट. हे गणित गॅलिलिओनं १६३८ सालच्या ग्रंथात मांडलं होतं; आजही प्रत्येक विद्यार्थ्याला ते कधी ना कधी गाठतंच. हात जाड केला तर झेप जाते. खालून आधार दिला तर बाजूला झेपावणारा आकार चक्क टेकलेला दिसतो. आतून पोकळ केला तर वजन घटतं, पण शिवण कुठे येऊ द्यायची, हा नवा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक उत्तरानं शिल्पाचं म्हणणंच बदलतं. माल स्वतःही बोलत असतो. आर्मेचरची, म्हणजे आतल्या सांगाड्याची, तार कमी पडली की शाडूची कमान हळूहळू खाली बसते. पत्रा वेल्ड केला की सांधा थंड होताना आकसतो आणि पत्र्याला आपल्याकडे ओढतो. एक विद्यार्थी हातोडीनं तो बाक काढून टाकील, दुसरा त्या ओढीलाच शिल्पाचा विषय करील. दोघांनीही तसं का केलं हे सांगावं, आणि गुण त्या सांगण्याला मिळावेत.

शिकवण्याची ही रीत नवी नाही. १९१९ साली जर्मनीत सुरू झालेल्या बाउहाउस शाळेत योसेफ आल्बर्स नवख्या विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रं वाटत आणि त्यातून काहीतरी घडवायला सांगत. अट एवढीच की माल वाया जाऊ नये. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं लिहून ठेवलेल्या आठवणीनुसार मुलांनी किल्ले केले, जहाजं केली, मुखवटे केले. आल्बर्सना ते पसंत पडले नाहीत, कारण त्या गोष्टी दुसऱ्या मालात अधिक चांगल्या झाल्या असत्या. त्यांनी वाखाणला तो एका मुलाचा कागद, जो फक्त लांबीत दुमडून उभा केला होता. लुळा कागद एका घडीनं ताठ झाला होता, आपल्या अरुंद कडेवर उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. एक घडी, पण तिचं कारण पूर्ण. आपल्याकडच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हा एकच पाठ मनापासून घेतला, तरी खूप काही साधेल असं मला वाटतं.

विचार निर्णयांतच असतो, याचा मोठाच पुरावा म्हणजे शिल्पकार कॉन्स्टन्टिन ब्रांकुशीचा ‘अवकाशातला पक्षी’. १९२६ साली तो न्यूयॉर्कच्या बंदरात पोचला, तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याला शिल्प मानलं नाही आणि त्यावर ४० टक्के कर लावला. खटला उभा राहिला. एखादा चांगला मिस्त्री असा धातू घासून गुळगुळीत करू शकणार नाही का, असा प्रश्न शिल्पकार जेकब एपस्टाइनला विचारला गेला. घासू शकेल, पण त्याला तो आकार सुचणार नाही, अशा आशयाचं उत्तर त्यानं दिलं. १९२८ साली निकाल ब्रांकुशीच्या बाजूनं लागला. त्याचं सुचणं केवढं चिवट होतं पाहा. हाच आकार त्यानं संगमरवरात आणि ब्राँझमध्ये मिळून सोळा वेळा केला. ब्राँझ ताण सोसतं, संगमरवर सोसत नाही. त्यामुळे पक्ष्याचा खालचा निमुळता भाग किती बारीक करायचा, हे प्रत्येक मालात नव्यानं ठरवावं लागतं. यांतले तीन पक्षी इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरात मंदिर उभारायचं ठरलं होतं आणि ब्रांकुशी त्यासाठी स्वतः इंदूरला येऊनही गेला. ते मंदिर झालं नाही. संगमरवरी जोडी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. आपल्या इतक्या जवळ आलेलं हे काम हातचं गेलं, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा: ज्याला माणसाचा हात नीट घडवता येत नाही तो अमूर्ताकडे वळतो. असं घडत असेल, ते मी नाकारत नाही. पण संकल्पनेचा कागद अशा विद्यार्थ्याला पकडत नाही, उलट लपायला जागा देतो. व्यक्तिशिल्प करणाऱ्यापुढे मॉडेल बसलेलं असतं. नाक चुकलं की समोरच कळतं. अमूर्तात ताडून पाहायला असं काही नाही, म्हणून कसोटी स्वतःच घडवावी लागते आणि तिला चिकटून राहावं लागतं. हे काम अधिक कडक आहे. मुंबईचे आदी दाविएरवाला शिक्षणानं औषधनिर्माते, पण शिल्पकलेचे धडे त्यांनी शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडून घेतले आणि मग लाकूड, दगड, पोलाद असा प्रवास करत अमूर्तापर्यंत पोचले. पायाभूत अभ्यास हवाच. फक्त तो झाला आहे की नाही, हे कागदावरच्या पाच ओळींतून ठरत नाही.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांचा: आम्हाला काहीतरी सांगा, नाहीतर आम्ही काय पाहायचं? ही मागणी रास्त आहे. पण प्रेक्षकाला तीन फसलेली मॅकेट आणि एक जमलेलं शेजारी ठेवून दाखवलं, तर तो स्वतः तुलना करू लागतो, आणि तुलना करणं म्हणजेच पाहणं. अमूर्त आकार हे परदेशी खूळ आहे, असंही म्हटलं जातं. पण शेंदूर लावलेल्या तांदळ्याला नाक-डोळे नसले तरी गावाला त्याच्यापुढे हात जोडताना अडचण येत नाही. तांदळा श्रद्धेनं उभा असतो आणि विद्यार्थ्याचं शिल्प निर्णयानं, हा फरक मी विसरत नाही; पण बिनचेहऱ्याच्या आकारापुढे थांबायची सवय आपल्या नजरेला नाही, असं म्हणायला मात्र आधार नाही.

शिल्प विभागाच्या प्राध्यापकांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे. यंदाच्या प्रदर्शनात अमूर्त शिल्पाशेजारी संकल्पनेचा कागद लावू नका. त्या जागी एक टेबल ठेवा, त्यावर विद्यार्थ्याची सगळी मॅकेट, मोडलेलीसुद्धा, क्रमानं मांडा, आणि तोंडी परीक्षेत त्यातलं एक उचलून विचारा: हे का सोडलंस?