हळदीचा डाग आणि बाजारातली मासळी

कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे आमच्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. आता संशोधक हाच गुण मासळीच्या वेष्टनात वापरू पाहताहेत. हळदीतलं कुर्कुमिन पिष्टाच्या पातळ पापुद्र्यात मिसळायचं आणि त्याची पट्टी पाकिटाच्या आतून चिकटवायची. मासळी नासू लागली की अमोनियासारखे वायू सुटतात. तेही साबणासारखेच अल्कधर्मी, म्हणून पिवळी पट्टी तांबूस होते. शिवाय पाकीटही कुजणारं. कल्पना मला मनापासून आवडली.

पण चिकटवायचं कशानं? मी पडलो सरकारी कारकून, लिफाफे बंद करण्यात निम्मं आयुष्य गेलं. लिफाफ्याचा डेक्स्ट्रिनचा गोंद काय, पुठ्ठ्याच्या खोक्यांतली मक्याच्या पिष्टाची खळ काय, दोन्ही वनस्पतींचीच देणगी. पण पावसाळ्यात आमच्या कपाटातले कोरे लिफाफे आपोआप चिकटून बसतात! मग बर्फाच्या पाण्यात निथळणाऱ्या बांगड्यांपुढे ती खळ किती टिकणार? म्हणून मग कृत्रिम गोंद येतो, आणि कुजणाऱ्या पिशवीवर न कुजणारं ठिगळ राहतं. आमची आजी माडाच्या हिरांनी पत्रावळी टाचायची, तिला गोंदच लागत नसे.

असो. गोंदाचं कोडं सुटेलही. माझी खरी शंका वेगळी आहे.

जुलै २०१८ आठवतो ना? मासळीतल्या फॉर्मेलिनच्या बातम्यांनी ऐन जेवणात घास अडकला होता. परराज्यांतून येणारी मासळी सरकारने १५ दिवस बंद केली होती. आता विचार करा, फॉर्मेलिन मारलेला मासा नासतच नाही. नासत नाही म्हणजे वायू नाही, वायू नाही म्हणजे पट्टी पिवळीधमक. ती बिचारी इमानदारीने सांगणार, मासा ताजा आहे! पट्टीला नासलेलं कळतं, विष कळत नाही.

तेव्हा अशी पाकिटं आली तर मी जरूर घेईन. पण पट्टी आहे ना, मग नाक्यावर आणि घाऊक बाजारात तपासणी कशाला, असं कुणी सुचवलं तर त्याला माझा साफ विरोध राहील. तपासणीचा खर्च वाचवायला सरकारी टेबलावर कारणं कशी शोधली जातात, ते मी रोज बघतो.

तूर्त आमच्याकडे जुनीच पद्धत आहे. म्हापशाच्या बाजारात बायको बांगड्याचा कल्ला वर करून बघते, मी पिशवी धरून उभा.