शिंपल्यातला पाऊस

स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं मराठीत म्हणतात. उर्दू शायरीतही नैसांच्या पावसाचा थेंब सदफच्या पोटात मोती होतो. खरा मोती असा बनत नाही. पण शिंपल्यात पाण्याचा हिशेब साठलेला असतो, हे मात्र खरं.

शिंपला चुन्याचा, थरावर थर चढत वाढणारा. त्या चुन्यात हलका आणि जड असा दोन्ही तऱ्हेचा ऑक्सिजन असतो. पाणी थंड असेल तर जड थोडा जास्त बसतो. हॅरॉल्ड युरे यांनी 1947 साली हे मांडलं, आणि तेव्हापासून समुद्रतळाची कवचं तपासून लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राचं तापमान काढता येऊ लागलं.

आता मार्कंड्याला समुद्र कुठला? आपली आहे ती वैनगंगा. पण हीच युक्ती गुहेत ठिबकून साचलेल्या चुन्यालाही लागू पडते, आणि तशी गुहा शेजारी बस्तरमध्येच आहे, दंडक गुहा. तिथल्या चुनखांबावरून आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी 2007 साली इ.स. 600 ते 1500 या नऊशे वर्षांच्या पावसाळ्यांचा आलेख मांडला. पाऊस जोरदार तर ऑक्सिजन हलका. त्यात चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यावर दशकंच्या दशकं पाऊस रोडावलेला दिसतो. दख्खनचा दुर्गादेवीचा दुष्काळ 1396 पासूनचा, म्हणजे त्याच काळातला.

पर्जन्यमापकाच्या नोंदी जेमतेम दीडशे वर्षांच्या. त्यात एवढी मोठी ओढ नाही, म्हणून ती येणारच नाही असं धरून आपण चाललोय. ‘आपल्याकडे जंगल आहे, दुष्काळ मराठवाड्यात’ हे वाक्य चामोर्शीत कुणाच्याही तोंडी ऐकू येईल. धान मात्र सगळा पावसावर!

यावरचा उपाय आपल्या पूर्वजांनी खोदून ठेवला होता, मामा तलाव. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि राखणारा हात सुटला. कित्येक तलाव आज गाळाने आणि अतिक्रमणाने अर्धे झालेत. पाऊस अल्लाहच्या हाती आहे, हे मीही मानतो. गाळ काढणं त्याच्यावर ढकलता येत नाही. नव्या बंधाऱ्याचं भूमिपूजन थाटात होतं, जुन्या तलावातल्या गाळाला कोण हार घालणार? ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आहे, गाळ शेतात टाकायला शेतकरीही तयार असतो. पुढच्या ग्रामसभेत आपल्या तलावाचं नाव घेऊन ठराव मांडा, उन्हाळ्याआधी.